खानापूरच्या पावसात पांढरं पडलेलं व्हॅल्कीरी : एका मॉडेलचं पूर्ण प्रकरण

मॉडेल काय होतं ते आधी सांगतो. हासेगावा या जपानी कंपनीच्या किटचं, १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) व्हीएफ-१ व्हॅल्कीरी, फायटर मोड, म्हणजे रोबो न झालेलं, सरळ विमानाच्या रूपातलं. बांधलेलं माझ्या भाच्यानं, बेळगावजवळच्या खानापुरात, भर जुलैत. बांधणी चांगली होती हे मुद्दाम पहिल्यांदा लिहितो, कारण पुढं सगळी दुरुस्तीच येणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की पोराला काही येत नव्हतं. इंजिनाच्या दोन अर्ध्यांमधली सीम, म्हणजे जोडाची रेघ, त्यानं पुट्टी भरून अशी घासली होती की नखाला लागत नव्हती. कॉकपिटची काच फेविकॉलनं बसवलेली, सुपरग्लू लावला असता तर त्याच्या वाफेनं काच आतून धुरकट झाली असती, ते त्याला माहीत होतं. रंगसंगती त्याची स्वतःची, कुठल्या स्क्वाड्रनची नाही, अंगभर फिका राखाडी आणि शेपट्या, पंखांवरचे पट्टे गडद निळे, सगळं पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये.

आणि शेवटचा हात म्हणून त्यानं लॅकरच्या क्लिअरचा, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचा, स्प्रे कॅन मारला. पडवीत उभं राहून, बाहेर धो धो पाऊस. थोड्याच वेळात निळ्या शेपट्यांवर साय धरल्यासारखा पांढरा थर आला. फोन आला, "मामा, विमान पांढरं पडलंय ओ, पुसलं तरी जाईना." मी म्हटलं पुसू नकोस, हातच लावू नकोस, दुसरा कोट तर अजिबात मारू नकोस, तसंच डब्यात घाल आणि रविवारी घेऊन ये बेळगावला.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. १९८२ साली जपानी टीव्हीवर मॅक्रॉस ही मालिका सुरू झाली, त्यातलं हे, शोजी कावामोरींचं डिझाइन. विमानाचा रोबो होतो, आणि मधल्या एका रूपात विमानालाच हातपाय फुटतात. पण हे हवेतून आलेलं डिझाइन नाही, अमेरिकन नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅटची छाप त्यावर उघड दिसते, दोन शेपट्या, एकमेकांपासून लांब ठेवलेली दोन इंजिनं, मागंपुढं होणारे पंख. कागदावर याची लांबी १४.२३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये वीस सेंटिमीटरला जरा कमी. खरा एफ-१४ एकोणीस मीटरच्या वर आहे, तेव्हा हे बरंच लहान विमान. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढं ती लागणार आहे, याची इंजिनं म्हणजेच रोबोचे पाय, आणि नोझल, म्हणजे इंजिनांची मागची तोंडं, ती पावलं.

डबा उघडला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. पांढरा थर, तो होताच. दुसरं, बऱ्याच डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या, खाली चंदेरी चकाकी, म्हणजे डिकलच्या फिल्मखाली हवा अडकलेली. आणि तिसरं, ज्याबद्दल त्यानं काहीच विचारलं नव्हतं पण मला तेच जास्त खटकलं, अंगावरच्या पत्र्यांच्या जोडाच्या प्रत्येक रेघेत सारखाच कुळकुळीत काळा वॉश, म्हणजे रेघेत सोडलेला पातळ रंग. पहिल्या दोन गोष्टी हवा-पाण्याच्या आहेत, तिसरी विचाराची.

आधी पांढरं का पडतं ते. लॅकरमधला पातळ सॉल्व्हंट झपाट्यानं उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, म्हणून पृष्ठभाग थंड पडतो. स्प्रे कॅनमध्ये तर गॅसही बाहेर पडताना थंडावतो, त्यामुळं गारवा दुप्पट. आता खानापूरची जुलैमधली हवा बघा, तापमान २४ आणि आर्द्रता ९० टक्के धरली तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब धरायला लागतं तो, येतो २२ च्या थोडा वर. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम दोन अंशांनी थंड झाला की हवेतलं पाणी त्याच्यावर बसणार, आणि लॅकर उडताना दोन अंश सहज उतरतं. ते पाणी ओल्या फिल्ममध्ये शिरतं, त्या जागी रेझिन, म्हणजे लॅकरमधला थर धरणारा भाग, फाटल्यासारखं विस्कटतं, उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. हेच हिवाळ्यात, समजा २४ अंश आणि ६० टक्के, तर दवबिंदू १६ च्या आसपास, आठ अंशांची मोकळीक मिळते आणि तोच कॅन काचेसारखा बसतो. कॅन वाईट नव्हता, हात वाईट नव्हता, हवा भरलेली होती. भाच्याला हे आकडे कागदावर काढून दाखवले तेव्हा तो जरा सैल झाला, तोवर त्याला वाटत होतं की सगळं आपणच घालवलं.

आमच्या वडगावात फर्निचरला पॉलिश करणारे एक आण्णा आहेत, त्यांना दाखवलं तर ते लांबूनच म्हणाले, "लॅकर फुललंय की, रिटार्डर घाल." पॉलिशवाल्यांना हे दर पावसाळ्यात होतंय, त्यामुळं त्यांच्याकडं औषध तयार असतंय. रिटार्डर म्हणजे हळू उडणारा सॉल्व्हंट. तो थिनरमध्ये थोडा असला की फिल्म जास्त वेळ ओली राहते, पाणी निघून जायला वेळ मिळतो आणि रेझिन पुन्हा सपाट बसतं. फक्त एक, फर्निचरवाल्यांचा एनसी थिनर प्लास्टिक मॉडेलवर चालत नाही, पॉलिस्टायरीन विरघळवतो तो. मी किटच्या उरलेल्या प्लास्टिक फ्रेमच्या तुकड्यावर थेंब टाकून दाखवला, तुकडा चिकट झाला. मॉडेलसाठीचा लेव्हलिंग थिनर मिळतो ज्यात रिटार्डर आधीच असतो, तो घेतला आणि वर मॉडेलवाला रिटार्डर थोडा, दहा टक्क्यांच्या आतच.

पण नुसतं औषध घालून भागत नाही, हवा तीच आहे ना. इथं एक साधी गोष्ट कामाला येते. हवा तापवली तरी तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, म्हणजे दवबिंदू तोच २२, पण मॉडेल ३० अंशांवर असेल तर मधे आठ अंशांची जागा तयार होते. म्हणून एक मोठा पुठ्ठ्याचा खोका, एका टोकाला ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब, दुसऱ्या टोकाला मॉडेल, खोक्याला वर भोकं. गणपतीच्या कारखान्यात हॅलोजन लावून मूर्ती वाळवतात तेच तत्त्व, फक्त इथं ऊब अगदी हलकी हवी, हाताला कोमट लागेल इतकीच, कारण हे प्लास्टिक शंभर अंशांच्या जवळ मऊ पडतं पण पातळ शेपट्या आणि अँटेना त्याच्या कितीतरी आधी वाकायला लागतात. आणि हे नीट वाचा, स्प्रे खोक्यात मारायचा नाही. बल्ब बंद करायचा, मॉडेल बाहेर काढायचं, खिडकी उघडी असलेल्या दुसऱ्या खोलीत फवारायचं आणि वास बसल्यावरच परत खोक्यात. सॉल्व्हंटची वाफ आणि तापलेला बल्ब एकत्र नकोत.

पावसाची उघडीप बघून दुपारी काम केलं. एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबावर फवारणाऱ्या पेनानं, तेच थिनर-रिटार्डरचं मिश्रण लांबून, नुसतं धुकं पडावं इतका पातळ हात. खाली अ‍ॅक्रिलिक रंग आणि त्यावर डिकल आहेत, एकदम ओला कोट दिला असता तर डिकल सुरकुतले असते. पहिल्या हाताला काही झालं नाही, पोरगा माझ्या तोंडाकडं बघायला लागला. दुसऱ्याला शेपटीच्या कडेनं निळा परत यायला लागला, पांढरं आतल्या बाजूला सरकत सरकत गेलं. तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. शेपट्यांच्या मुळाशी, जिथं थर जाड होता, तिथं एक पुसट ढग राहिला, तो दुसऱ्या दिवशी परत तापवून काढला. घाईनं एकाच बैठकीत काढायला गेलं की खालचा रंग उचलतो, त्यामुळं थांबणं हाच त्यातला भाग आहे.

डिकलचं थोडक्यात. चकाकी येते कारण रंगाचा पृष्ठभाग मॅट होता, त्याच्या खडबडीतपणात हवा अडकली. डिकलच्या आधी ग्लॉस मारायचा असतो तो याच्यासाठी. आता वर क्लिअर बसलेला असल्यामुळं बारीक सुईनं चकाकीच्या जागी भोकं पाडली आणि डिकल मऊ करणारं सोल्युशन ब्रशनं सोडलं, ते भोकातून आत जातं, फिल्म मऊ होऊन खाली बसते. बरेच बसले. दोन मोठे बसले नाहीत, तिथं आम्ही निळ्या पट्ट्याचाच रंग जुळवून वरून रंगवलं. शिवाय त्यानं डिकल बोअरच्या पाण्यात भिजवले होते, वाळल्यावर क्षाराचे पांढरे काठ राहिलेले. बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ना दुकानात, ते वापरायचं, प्रश्नच संपला.

इथपर्यंत आल्यावर भाचा म्हणाला झालं की मामा आता. मी त्याला विमान खिडकीपाशी उजेडात धरायला सांगितलं आणि विचारलं, हे किती मोठं विमान वाटतंय? तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "खेळण्याएवढंच."

का, तर त्या काळ्या रेघा. हिशोब करा, मॉडेलवरची रेघ ०.३ मिलिमीटरची असेल तर ७२ नं गुणल्यावर खऱ्या विमानावर ती दोन सेंटिमीटरच्या वर फट होते. दोन बोटं जातील अशी फट अंगभर असलेलं लढाऊ विमान उडेल का? खऱ्या विमानाचे पत्रे एकमेकांना घट्ट भिडलेले असतात. डोळ्याला गडद दिसतात त्या जागा वेगळ्याच, जिथं काहीतरी हलतं, फ्लॅप, रडर, चाकांची दारं, तपासणीसाठी रोज उघडली जाणारी झाकणं. आणि सायन्स फिक्शनच्या विमानात लोक इथंच चुकतात असं मला मनापासून वाटतं, खोटं विमान आहे म्हणून कसंही मळवलं तरी चालतं असं धरून चालतात. उलट आहे. खऱ्या विमानाचा फोटो तरी असतो समोर, त्याच्यावरून डाग उतरवता येतो. याचा फोटो कुठं आहे? म्हणून याच्या प्रत्येक डागाला कारण आपणच द्यावं लागतं, नाहीतर बघणाऱ्याला काहीतरी खोटं आहे एवढं कळतंच, काय खोटं ते सांगता येत नसलं तरी.

तर कारणं शोधायला बसलो. व्हॅल्कीरी उघडतं कुठं? पाय धडापासून सुटतात ती जागा, दोन इंजिनांच्या मधे पोटाखाली घडी करून ठेवलेले हात, नाकाच्या मागची घडी, शेपट्या आडव्या होतात तो सांधा. रोबो होताना या जागा खरंच उघडतात, म्हणून फट खरी, ग्रीस खरं, तिथंच गडद. बाकी सगळ्या रेघा अंगाच्या रंगापेक्षा एक छटा गडद एवढंच. काळा वॉश त्यानं इनॅमलमध्ये केलेला होता पण तो क्लिअरच्या खाली अडकलेला, काढता येईना, मग रेघांच्या दोन्ही बाजूंनी मूळ राखाडीचा अगदी पातळ हात एअरब्रशनं फिरवून त्या मागं ढकलल्या. आणि उघडणाऱ्या सांध्यांत नवा वॉश, कॅमलचा ऑइल कलर, बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, चिमटीत मावेल एवढाच. सांध्यात टर्पेंटाइनचं डबकं होऊ द्यायचं नाही, जिथं प्लास्टिक ताणून बसवलेलं असतं तिथं ते तडकतं.

पंखांवरून तर मजाच आली. एफ-१४ चे फोटो बघितले तर पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला राखाडी कमानी दिसतात, पंख मागं जाताना धडाच्या आवरणाखाली घासतो त्याच्या खुणा, आणि त्या सगळ्या पंखाच्या खिळीभोवती एकाच केंद्रावर फिरलेल्या असतात. व्हॅल्कीरीचा पंखही मागं जातो. मग इथंही कमानी यायलाच हव्यात. भाच्यानं कंपासपेटीतला कंपास काढला, खिळीवर टोक नाही ठेवलं, पुठ्ठ्याची स्टेन्सिल कापली आणि त्यातून ग्रॅफाइटची पूड कापसानं घासली. सरळ डाग आणि फिरलेला डाग यात एवढा फरक पडतो की त्या क्षणापासून पंख हलणारा वाटायला लागला, जो प्रत्यक्षात आम्ही पुढं केलेल्या स्थितीत तसाच ठेवलेला होता.

मग इंजिनावर वाद. भाच्यानं नोझलच्या मागं काळी काजळी मारायची तयारी केलेली, सगळेच मारतात. मी म्हटलं थांब, हे जळतं काय? मालिकेप्रमाणं ही थर्मोन्यूक्लिअर टर्बाइन आहेत, वातावरणात बाहेरची हवा आत घेऊन ती प्रचंड तापवून मागं फेकतात. केरोसीन जळतच नाही तर काजळी येणार कुठून? धूर नाही, पण उष्णता आहे, म्हणजे धातूवर रंग चढणार. आणि धातूवरच्या रंगांचं आमच्या घरात विचारायचं तर दाजींना, भाच्याचे वडील, रोज खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, येतात, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर. रविवार असल्यामुळं तेही आलेले. त्यांनी नोझल हातात घेतला आणि पोलादाला पाणी देताना रंग कसे चढतात ते सांगितलं, आधी गवती पिवळा, सव्वादोनशे अंशांच्या आसपास, मग तपकिरी, मग जांभळा, मग तीनशेच्या जवळ निळा. टायटॅनियमला तापमान जास्त लागतं पण क्रम साधारण असाच. "रंग उडी मारत नाय रे," ते म्हणाले, "पिवळ्याच्या शेजारी निळा कधी यायचा नाय, मधले दोघे यायलाच पाहिजेत." मॉडेलच्या व्हिडिओत पिवळा पट्टा आणि त्याला चिकटून निळा पट्टा किती वेळा बघितलाय मी! इथं आम्ही पोलादी मेटॅलिक बेसवर पारदर्शक पिवळा, त्यात थोडा नारिंगी, मग जांभळा, मग निळा, प्रत्येक थर आधीच्यावर थोडा चढवत, निळा सगळ्यात तापणाऱ्या आतल्या बाजूला. आणि नोझल म्हणजे पाऊल आहे हेही विसरायचं नाही, रोबो त्याच्यावर उभा राहतो, तेव्हा कडांना घासल्याच्या, ठोकल्याच्या खुणा. त्या स्पंजच्या तुकड्यानं चंदेरी रंग टिपून केल्या. दाजींनी आजवर या छंदाकडं फार लक्ष दिलं नव्हतं, त्या दिवशी दुसरा नोझल त्यांनी स्वतः सांगून करून घेतला.

माती कुठली लावायची हा प्रश्न भाच्यानंच काढला आणि मला तो फार आवडला. विमान कुठून उडतं हे ठरलं की मातीचा रंग ठरतो. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळाची धावपट्टी आहेच, पण त्याला ते खानापूरच्या बाजूला जंगलात लपवलेल्या तळावरून उडवायचं होतं. तर मग तांबडी माती, जांभ्याची. सौंदत्ती-बैलहोंगलकडचा तळ असता तर काळी लावली असती. अंगणातली माती तव्यावर भाजून, कुटून, साडीच्या तुकड्यातून गाळली, कारण ०.१ मिलिमीटरचा कण म्हणजे या मापात सात मिलिमीटरची खडी होते, टायरवर खडी चिकटलेली दिसेल. टायर, चाकांच्या दारांची आतली बाजू, आणि पोटाखाली मागं ओढलेला अगदी पुसट फराटा. कॉकपिटच्या डाव्या बाजूला शिडी लागते असं धरलं, बहुतेक लढाऊ विमानांत पायलट डावीकडूनच चढतो, तर तिथं बुटांची घासण. उजवी बाजू स्वच्छ ठेवली. पोराला दोन्हीकडं सारखं करायचं होतं, मी ठाम नाही म्हटलं.

मॅट क्लिअर परत त्याच पद्धतीनं, उबदार खोका, लेव्हलिंग थिनर, पातळ हात. फुललं नाही. नोझल आणि काच झाकून ठेवली होती, त्यांची चमक तशीच हवी.

राहिली ती पोटाखालची तोफ, ५५ मिलिमीटरची, तीन नळ्यांची. इथं मात्र दारू जळते, काजळी खरी. मालिकेत हे विमान अवकाशातही लढतं, म्हणून भाच्यानं विचारलं की तिथं गोळी मारली तर काजळी मागं कशी येईल, वारा तर नाही. बरोबर होतं त्याचं. मग असं ठरवलं की नळ्यांच्या तोंडाशी काळं सगळ्या बाजूंनी सारखं, मागं ओढलेलं नाही, आणि तोफेच्या अंगावर वाऱ्यानं ओढलेला एक फिका फराटा वेगळा, तो खालच्या हवेत झालेल्या गोळीबाराचा. आधी फराटा मारला, तो मॅटखाली बंद केला, आणि तोंडाचं काळं त्यावर शेवटी, न झाकता, कारण ते ताजं आहे.